श्वान तिथेच घुटमळले

नोकरीतली बावीस वर्षं मी दोराच्या एका टोकाला काढली. दुसऱ्या टोकाला कुत्रं असायचं. लोकांना वाटतं, पोलीस कुत्र्याला घेऊन जातो. छे! कुत्रं पोलिसाला घेऊन जातं, पोलिसाने फक्त तोंडावर आपटू नये एवढंच बघायचं. निदान शिकवलं तरी असंच जातं.

दिवाळी अंकवाल्यांचा फोन आला, “नाना, श्वान पथकातले दोन-चार गमतीदार किस्से लिहा ना.” गमतीदार तर गमतीदार, म्हटलं लिहू. लिहायला बसलो आणि भलतंच निघालं. आता जे निघालं ते निघालं. एक आधीच सांगून ठेवतो. हे सगळं धुळे-जळगावच्या मधल्या पट्ट्यात घडलेलं आहे, पण गावाचं नाव मी लिहिणार नाही, ठाण्याचंही नाही. माणसं हयात आहेत, त्यांची पोरंबाळं लग्नाची आहेत. उगाच कुणाच्या अब्रूला धक्का नको.

त्या वर्षांत दोन-तीन कुत्री झाली, पण माझी म्हणावी ती बिजली. डॉबरमन, अंगाने काळी, भुवयांवर दोन तपकिरी ठिपके. तीन महिन्यांची असताना माझ्याकडे आली आणि आठ-नऊ महिने आम्ही दोघं एकत्र शिकलो. तिला रोज दूध, अंडं, मटण. माझ्या डब्यात वांग्याची भाजी आणि कळण्याची भाकरी. बायको म्हणायची, “पुढच्या जन्मी मी कुत्री होऊन तुमच्याच पथकात येते. निदान दोन वेळा फिरायला तरी न्याल.” खोटं नव्हतं ते.

धंद्यातली गोष्ट थोडक्यात सांगतो. चोराने हात लावलेली वस्तू कुत्रीला हुंगायला द्यायची, याला आम्ही ‘वास देणं’ म्हणतो. मग दहा-बारा हातांचा लांब दोर सोडायचा आणि तिच्या मागे पळायचं. चोर चालत गेला असेल तर ती माग काढते. गाडीवर बसला की माग तुटला. पाऊस पडला, रॉकेल सांडलं, शंभर माणसं त्यावरून फिरली, तरी तुटला. आणि खेड्यात चोरी झाली की शंभर माणसं फिरतातच. आम्ही पोचेपर्यंत अर्ध्या गावाने चोराची पहार हातात घेऊन “केवढी जड आहे बुवा” म्हणून झालेलं असतं. कुत्रीने वास घ्यायचा तरी कुणाचा? माग सापडला की ती त्या जागी बसते आणि माझ्याकडे बघते. मग मी तिला बिस्कीट देतो. नाही सापडला तर पंचनाम्यात एक ठरलेलं वाक्य लिहायचं: ‘श्वान तिथेच घुटमळले.’ पेपरवालेही तेच छापतात. तुम्ही शंभरदा वाचलं असेल.

बिजली हुशार होती, हे मी मालक म्हणून बोलत नाही. धुळ्याच्या देवपुरात एका किराणा दुकानातून तुपाचे डबे गेले. मालक छाती बडवत होता. बिजलीने दुकानाला एक चक्कर मारली, गल्लीत गेली, परत आली आणि मालकाच्याच माळ्याच्या शिडीखाली बसली. मालक म्हणाला, “साहेब, तिला भूक लागली असेल. बिस्कीट देऊ का?” मी म्हणालो, “तिचं बिस्कीट माझ्याकडे आहे. तुम्ही शिडी चढा.” डबे वरच होते. विम्यासाठी सगळं नाटक! अमळनेरला एका बड्या माणसाच्या लग्नात जावयाचे लपवलेले बूट शोधायलाही आम्हाला बोलावलं होतं. साहेबांचे पाहुणे, नाही कसं म्हणणार? बिजलीने बूट मेव्हणीच्या पलंगाखालून काढले आणि मेव्हणी साहेबांशी दोन वर्षं बोलत नव्हती, असं साहेबच सांगायचे.

आमचे उस्ताद होते, म्हातारे जमादार. ते म्हणायचे, “कुत्रं चालतं नाकाने, पण थांबतं तुझ्या हाताने. दोर आवळलास की त्याला वाटतं आपलं चुकलं. ढिला सोडलास की वाटतं, बरोबर चाललोय. म्हणून मनात काही आणू नकोस. मनातलं हातात येतं, हातातलं दोरात.” मी मान डोलवायचो. परीक्षेत हा प्रश्न यायचा नाही, म्हणून विसरलो.

आता ज्यासाठी ही सगळी प्रस्तावना, तिकडे येतो.

खानदेशात बहुतेक गावांच्या टोकाला भिल्लांची वस्ती असते. तिला भिलाटी म्हणतात. पूर्वी गावाची राखण हीच माणसं करायची, जागले म्हणून. गाव त्यांच्या भरवशावर डोळे मिटायचं. आणि आता? गावात सुई हरवली तरी पहिली झडती भिलाटीत. मी गाडीतून उतरायचो, बिजलीच्या गळ्यात पट्टा चढवायचो, तोवर कुणीतरी कानाशी लागून सांगायचंच, “साहेब, तिकडूनच सुरुवात करा, वेळ वाचेल.” आणि खरं सांगू? मलाही तसंच वाटायचं. मी काही आभाळातून पडलेला नाही. आमच्याही घरी शेती, आमच्याही गावाला भिलाटी. लहानपणी खिशातली गोटी हरवली तरी आई म्हणायची, “बाहेर भिल्लांच्या पोरांत खेळला होतास ना?”

मी ज्याची गोष्ट सांगतोय, तो सुकलाल. चाळिशीच्या आतबाहेरचा भिल्ल, सालदार. सालदार म्हणजे वर्षाच्या कराराने एका शेतकऱ्याकडे राबणारा गडी. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सालदारांचं नवं वर्ष सुरू होतं. त्या दिवशी ठरलं ते ठरलं. ज्याला त्या दिवशी मालक मिळाला नाही, त्याचं वर्ष गेलं. सुकलालला एकच मुलगी, वनिता. ती देवपुरात वसतिगृहात राहून शिकत होती, नववी पास होऊन सुट्टीला घरी आलेली. त्या भिलाटीत तोवर एकही मुलगी दहावीला बसलेली नव्हती. हे सगळं मला नंतर कळलं. त्या दिवशी माझ्यासाठी तो अंगणात बसलेला एक माणूस होता, बस्स.

आखाजीला तीन-चार दिवस होते. गावातले मोठे शेतकरी, आपण त्यांना आबा म्हणू, घरच्यांसह एका साखरपुड्याला गेले होते. परत आले तर कपाट फोडलेलं आणि मुलीच्या लग्नासाठी केलेले दागिने गायब. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पोचलो. कपाटाजवळ पहार पडलेली होती. मी ती बिजलीला हुंगायला दिली.

ती मागच्या दाराने निघाली. गोठा ओलांडला, निंबाच्या झाडाला वळसा घातला आणि उजवीकडे वळून दोन घरं सोडून एका निळ्या फाटकापाशी गेली. नाक जमिनीला, शेपूट ताठ, दोर असा ओढत होती की माझा तळहात भाजला. ते आबांच्या सख्ख्या भावाचं घर. आबा मागून म्हणाले, “हवालदार साहेब, ते आमचंच घर आहे. दिवसातून दहा वेळा येणंजाणं. आमचाच वास येणार ना तिला!” गर्दीतून कुणीतरी ओरडलं, “कुत्रीले चहा पेवाना व्हई!” सगळे हसले. मीही हसलो. बरोबर आलेल्या ठाण्याच्या साहेबांनी घड्याळ बघितलं.

मला तिथे थांबता आलं असतं. निदान फाटक उघडायला सांगता आलं असतं. पण आबांचं म्हणणं पटण्यासारखं होतं आणि मला ते पटवून घ्यायचंच होतं. मी दोर आवळला. दोन झटके दिले. बिजलीने वळून माझ्या तोंडाकडे बघितलं. मी तिला गोल फेरी देऊन आणली. माग तुटला की असं करतात, नव्याने हुंगायला लावतात. फेरी संपली तेव्हा तिचं तोंड कुठे होतं? भिलाटीकडे जाणाऱ्या पायवाटेकडे. मी दोर ढिला सोडला.

ती चालायला लागली. ओढत नव्हती, नुसती चालत होती. मागे अख्खं गाव. भिलाटीत शिरलो तशी बाया-पोरं झोपड्यांत गेली, पुरुष होते तिथे बसून राहिले. सुकलाल अंगणात नवा कासरा वळत बसला होता, आखाजीनंतर ज्याच्याकडे लागेल त्याच्या बैलांसाठी. पोलीस दिसले तसा तो उठून उभा राहिला. अख्ख्या वस्तीत तो एकटा उभा राहिला, मान म्हणून! माझी नजर त्याच्यावर गेली. पाय थांबले. दोर थांबला. बिजली बसली आणि माझ्याकडे बघायला लागली.

तेवढ्यात झोपडीतून एक मुलगी धावत बाहेर आली. “बाबा, देखा ना, कितली भारी कुत्री शे!” तिला हात लावायचा होता. तिला काय माहीत, कुत्री दारात बसली म्हणजे काय झालं ते. मागे गर्दीत एकच गलका उठला. मी खिशातून बिस्कीट काढलं आणि बिजलीला दिलं.

हे बिस्कीट मला आजही गिळता येत नाही.

झोपडीत काही सापडलं नाही. दोन पातेली, गोधड्या, वनिताची पुस्तकं. पोलिसांनी पुस्तकंसुद्धा झटकून बघितली. सुकलालला ‘चौकशीसाठी’ नेलं. तीन दिवस तो आत होता. आत काय झालं ते मी पाहिलेलं नाही. हे वाक्य मी पुढे फार वर्षं काठीसारखं वापरलं. मी श्वान पथकाचा माणूस, माझं काम दारापर्यंत.

दुसऱ्या दिवशी दुपारी मायलेकी एसटीने शहरात आमच्या पथकाच्या आवारात आल्या. मी बिजलीला आंघोळ घालत होतो. आई फाटकाशीच बसली, वनिता आत आली. चप्पल बाहेर काढून आली, जसं काही देवळात आली.

“साहेब, कुत्रीला परत गावात आणा ना. अजून एक डाव वास द्या.”

“असं होत नसतं.”

“का नाही होत? आमचे सर म्हणतात, प्रयोग एकदा चुकला की दुसऱ्यांदा करून बघायचा. मॅडमसुद्धा गणित दुसऱ्यांदा तपासतात.” मग कुत्रीकडे बघत म्हणाली, “माणसांचं जाऊ द्या. ती आम्हालाच चोर म्हणतील. पण कुत्रीले काही जात नही रास. ती खरं सांगेल. माझा तिच्यावर विश्वास आहे.”

बिजली ओली तशीच गेली आणि तिच्या हाताला नाक लावून उभी राहिली. मुलगी रडत होती आणि तिला कुरवाळत होती. मी म्हणालो, “वरून हुकूम लागतो. माझ्या हातात नाही.”

माझ्या हातात नाही! अहो, दोर कुणाच्या हातात होता? तेव्हा मला ते माहीत होतं. निळ्या फाटकापाशी तळहाताला पडलेला वळ अजून लाल होता. मला फक्त साहेबांकडे जाऊन एवढंच म्हणायचं होतं, “साहेब, कुत्री तिकडे ओढत होती. मी तिला परत वळवली.” एक वाक्य. मी का म्हणालो नाही? भीती होतीच, पण खरं कारण वेगळं आहे आणि ते सांगायला लाज वाटते. मी तसं म्हणालो असतो तर बिजलीचा भिलाटीतला माग खोटा ठरला असता. मग कुणीतरी जुन्या फायली काढल्या असत्या, किती गावांत ती भिलाटीत जाऊन बसली ते मोजलं असतं. ‘कुत्री बिघडली’ असा शेरा बसला असता आणि तिला पथकातून काढलं असतं. माझ्या कुत्रीची अब्रू वाचवायला मी गप्प बसलो. माणसाची अब्रू गेली तरी चालेल, कुत्रीची जाऊ नये, असा हिशोब मी केला आणि वर स्वतःला प्राणिप्रेमी समजत राहिलो.

सुकलाल आखाजीच्या दिवशी दुपारी सुटला. उजवा खांदा धरून गावात आला. तोवर सालदार ठरून गेले होते आणि तसेही त्याला कुणी ठेवणार नव्हतं. ‘कुत्री बसेल घर’ असं त्याच्या झोपडीचं नावच पडलं. म्हणजे ज्याच्या दारात कुत्री बसली ते घर. आमच्याकडे नाव पडलं की जाता जात नाही.

दीड-दोन महिन्यांनी दागिने निघाले. आबांच्या पुतण्याने, निळ्या फाटकातल्या, जळगावच्या एका सराफाकडे ते मोडायला नेले होते. सराफ आबांच्या ओळखीचा निघाला. घरातल्या घरात बसून मिटलं. फिर्याद मागे, कागदावर लिहिलं की दागिने घरातच मिळून आले, गैरसमजातून तक्रार दिली होती. ठाण्यातल्या एका मित्राने मला फोनवर ही बातमी दिली.

ऐकल्याबरोबर माझ्या मनात पहिलं काय आलं, सांगू? आनंद! “बिजली बरोबर होती!” मी पळत गेलो आणि तिला मिठी मारली. सुकलाल आठवायला मला चहा होईपर्यंत वेळ लागला.

त्याला जाऊन कुणी सांगितलं का, की बाबा, तू सुटलास? नाही. त्याला अटक दाखवलेलीच नव्हती. जो कागदावर आरोपीच नाही, त्याला निर्दोष कसं ठरवणार? गावाला पुतण्याचं कळलं होतं, सगळ्यांना कळलं होतं. तरी ‘कुत्री बसेल घर’ ते तेच राहिलं. लोक म्हणायचे, “या वेळी नसेल केली, पण कुत्री उगाच थोडीच बसते?” पुतण्याचं पुढच्या वर्षी थाटात लग्न झालं.

दिवाळीनंतर सुकलालचं कुटुंब ऊसतोडीला गुजरातेत गेलं. तोडणीवर नवरा-बायकोची जोडी लागते, जोडीला कोयता म्हणतात. सुकलालचा खांदा वर जात नव्हता. मग आईबरोबर कोयत्याची दुसरी बाजू वनिता झाली. मार्चमध्ये दहावीची परीक्षा झाली तेव्हा ती तिकडच्या फडात मोळ्या बांधत होती. हे मला देवपुरातल्या वसतिगृहाच्या शिपायाने सांगितलं. मी चौकशी करायला गेलो होतो. चौकशी करणं सोपं असतं. माझं आयुष्य चौकशीत गेलं.

त्यानंतर मी सहा वर्षं नोकरी केली. काय केलं म्हणाल, तर दोर आवळताना हाताकडे लक्ष ठेवायचो. नव्या पोरांना शिकवताना उस्तादांचं वाक्य सांगायचो. ती मान डोलवायची. एकदा एका तरुण अधिकाऱ्याला हिंमत करून म्हणालो, “साहेब, माग काढताना गावाची गर्दी मागे नको आणि हँडलरला कुणाचा संशय आहे ते सांगायला नको.” ते म्हणाले, “आयडिया चांगली आहे हवालदार, लिहून द्या.” लिहून दिलं. ते कुठे घुटमळलं, देव जाणे. पेपरात अजून वाचतो, ‘श्वान वस्तीपर्यंत जाऊन घुटमळले.’ वस्तीचं नाव छापायला पेपरवाले कधी विसरत नाहीत. मी निवृत्त झालो. बिजली त्याआधीच गेली, म्हातारपणाने, माझ्या मांडीवर.

माझा मुलगा परदेशात आहे, कॉम्प्युटरवाला. गेल्या वर्षी त्याचा फोन आला. तिकडे मोठ्या दुकानात तो शर्ट घ्यायला गेला तर पहारेकरी त्याच्या मागेमागे फिरला. बाहेर पडताना सगळ्यांना सोडलं आणि ह्याचीच पिशवी उपसली. “नाना, माझ्या पुढे-मागे सगळे गोरे. मी एकटा असा. मी काय चोर दिसतो का हो?” बायको इकडून त्या पहारेकऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायला लागली. “रंग बघून चोर ठरवतात मेले! माणसं आहेत की जनावरं?” मी फोन हातात घेऊन बसलो. मला त्या पहारेकऱ्याचं तोंड दिसत होतं. ते माझंच होतं. चांगले आठ दिवस जेवण गेलं नाही. मग ठरवलं, जायचं.

गेलो. एसटीने, साध्या कपड्यांत. भिलाटी होती तिथेच आहे. झोपड्यांच्या जागी काही घरकुलं झालीत. सुकलालने ओळखलं. पुन्हा उठून उभा राहिला. मी म्हणालो, “बस दादा, बस.” आयुष्यात पहिल्यांदा भिलाटीतल्या कुणाला दादा म्हणालो. उजवा हात अंगाशी धरूनच तो बसला. एका केळीच्या बागेवर राखण करायचा. बायको वारली होती. वनिता तिकडे गुजरातेतच, लग्न झालेलं, दोन लेकरं, अजून तोडीवर.

मी सगळं सांगितलं. निळं फाटक, दोर, फेरी, त्याचं उभं राहणं. वाटलं, हा आता ओरडेल, शिव्या देईल. द्याव्यात असं वाटत होतं. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला,

“माले माहीत व्हतं साहेब. तवयच माहीत व्हतं.”

“कसं?”

“जलमभर बईल हाकात मी. जनावर कवय आपला मनथीन थांबस आन कवय कासरावर थांबस, ते माले नही समजाव का? बठ्ठा गाव कुत्रीकडे देखे. मी तुमना हातकडे देखी राह्यंतू.”

जनावर स्वतःच्या मनाने थांबतं की कासऱ्यावर, हे त्याला कळत होतं; सगळं गाव कुत्रीकडे बघत होतं, तो माझ्या हाताकडे. म्हणालो, “मग तेव्हाच बोलला का नाहीस?”

त्याने माझ्याकडे असं बघितलं, जसं लहान पोराने काहीतरी विचारलं. “कोणले सांगतू?”

मी पिशवीतून कागद काढला. “मी लिहून देतो दादा. सहीनिशी. की कुत्री तुझ्या दारात बसली नव्हती, मी बसवली. साहेबांकडे नेऊ, पेपरात देऊ.”

तो कागद त्याने हातात घेतला, उलटा-सुलटा बघितला, माझ्याकडे परत दिला. “तेनाघाई वनीनी धावी व्हई जाई का?” म्हणजे, त्याने वनीची दहावी होईल का.

चहा त्याने केला. मी प्यालो. कुत्रीची चौकशी त्यानेच केली. गेली म्हटल्यावर म्हणाला, “चांगली व्हती बिचारी. तिना काय दोष?”

परत येताना पारावर पाच-सहा जण बसले होते. त्यांतल्या एकाने ओळखलं. “काय नाना, इतक्या वर्षांनी? भिलाटीत गेले होते? काय गेलं कुणाचं?” मी म्हणालो, “काही नाही हो, सहजच.” ते एकमेकांकडे बघून हसले. एसटी आली, मी बसलो. आणि देवाची शपथ, मला हलकं वाटत होतं. खिडकीला डोकं लावून झोपसुद्धा लागली.

पंधरा दिवसांनी अनोळखी नंबरवरून फोन आला. “मी वनिता बोलतेय. सुकलाल भिल यांची मुलगी.” आवाज बाईमाणसाचा झाला होता, पण बोलणं तसंच, वर्गात उभं राहून बोलल्यासारखं. “साहेब, तुम्ही बाबांकडे गेला होता. दुसऱ्याच दिवशी बागवाल्याने बाबांना काढलं. म्हणाला, जुना पोलीस भिलाटीत सुकलालकडे कशाला येईल? काहीतरी असल्याशिवाय?”

मी म्हणालो, “अगं, मी माफी मागायला—”

“बाबांनी सांगितलं मला. चूक तुम्ही गावासमोर केली होती ना? मग कबूल पण गावासमोर करायची. तिथे पारावर लोक बसलेले होते. त्यांना तुम्ही काय सांगितलं? सहजच.” मागे लेकरू रडत होतं. “आता पुन्हा येऊ नका, एवढंच सांगायला फोन केला.”

मी त्या बागवाल्याला फोन लावला. सगळं समजावलं, अगदी दोरासकट. तो ऐकून घेऊन म्हणाला, “नाना, तुम्ही मोठ्या मनाचे, म्हणून असं बोलताय. पण तुमची नजर पोलिसाची. तुम्ही उगाच थोडेच जाणार तिकडे?”

वनिताचं बरोबर आहे. पारावर बोलायला हवं होतं. त्या गावी जाऊन उभं राहायची हिंमत झाली नाही, म्हणून हे इथे लिहितोय. चार लोक वाचतील, तेवढाच पार. लिहून झाल्यावर बायकोला वाचायला दिलं. तिने चष्मा काढला आणि म्हणाली, “एक विचारू? ह्यात सुकलालचं आडनावासकट खरं नाव लिहिलंय तुम्ही, त्याच्या पोरीचंही. आणि ते चोर पुतण्यावाले मात्र पहिल्यापासून नुसते ‘आबा’? कुणाच्या अब्रूला धक्का नको म्हणे!”

मी पाहिलं. खरंच. पहिल्या ओळीपासून हात तसाच चालला होता. आता मी सुकलाल आणि वनिता यांची नावं बदलली आहेत. आबांचं नाव घालायला पेन उचललं होतं. अर्धा तास उचलून धरलं. ते अजून घातलेलं नाही.